घराला रंग नंतर लावा, आधी उतारा काढा

भीमजयंतीला गावी आलेला माणूस परत निघताना घराला कुलूप लावतो, आणि बहुधा त्याच वेळी घर विकण्याचा विचार त्याच्या मनात येतो. एप्रिल-मे महिन्यात नगरच्या न्यायालयाबाहेर आमच्या टेबलापाशी जी माणसे येतात त्यांतली बरीचशी पिंपरी-चिंचवड, मुंबई, अंबरनाथ, उल्हासनगरकडची असतात. पोरे तिकडेच शिकली, तिकडेच चिकटली. म्हातारा-म्हातारी गेली. वस्तीतले घर आठ-दहा महिने बंद असते, माळवदावर गवत उगवते, पावसाळ्यात एक भिंत बसते. मग कोणीतरी म्हणते, विकून टाका. आमचे म्हणणे, जरूर विका. परंतु विकण्यापूर्वी काय करायचे हे आमच्या बांधवांना कोणी सांगत नाही, आणि जे सांगतात ते बहुतेक स्वतःच घेणारे असतात.

गेल्या उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यातले एक गृहस्थ आमच्याकडे आले. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गावात तीन खणांचे माळवद, पुढे पत्र्याची पडवी. वस्ती कल्याण-विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून जागेला भाव आलेला. घर चांगले दिसावे म्हणून त्यांनी निवृत्तीच्या पैशातून ऐंशी हजार रुपये घातले. नवे पत्रे, फरशी, बाहेरून निळा रंग. गिऱ्हाईकही आले. गिऱ्हाईकाने उतारा मागितला. ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा काढला तर त्यावर आजोबांचे नाव! आजोबा १९७२ च्या दुष्काळातच वारलेले. गिऱ्हाईक लगेच दुसऱ्या भाषेत बोलू लागले: "कागदाचे तुम्ही निस्तरा, नाहीतर निम्म्या पैशात नोटरी करून द्या, पुढचे आम्ही पाहून घेतो." आमचे गृहस्थ त्या नोटरीच्या कागदासकट आमच्याकडे आले होते. त्यांना सल्ला नको होता, सही कुठे करायची एवढेच विचारायचे होते. आम्ही त्यांना कागद घडी घालून खिशात ठेवायला सांगितले.

भिंतीला गेलेल्या तड्याचे गिऱ्हाईक दहा-वीस हजार कापते. कागदाला गेलेल्या तड्याचे ते निम्मी किंमत कापते. आमच्या वस्त्यांमधली घरे मातीमोल जातात त्यामागे वस्तीकडे पाहण्याची जातीची नजर आहेच, ती आम्ही नाकारत नाही. परंतु ती नजर आपल्या हाती नाही, उतारा आपल्या हाती आहे.

गावचे घर विकू नये, ती पूर्वजांची खूण आहे, असे काही कार्यकर्ते भाषणात सांगतात. टाळ्या पडतात. बाबासाहेबांनी मात्र आमच्या लोकांना गाव सोडून शहराची वाट धरायला सांगितले होते. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले तसेच 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती. पुस्तकांसाठी पैसे हवेत म्हणून १९४१ मध्ये त्यांनी 'चार मिनार' विकली. तेव्हा घर विकणे हा काही गुन्हा नव्हे. विकलेल्या घराचे मोल कशात उतरते हा खरा प्रश्न आहे, आणि ते मोल पुरते हातात पडावे यासाठीच हा लेखप्रपंच.

पहिले काम म्हणजे घर कोणत्या जागेवर उभे आहे ते पाहणे. विकायला निघालेल्या दहा माणसांना विचारा, नऊ जण सांगतील, "आमचेच आहे की, पिढ्यान् पिढ्या राहतोय." राहणे वेगळे आणि मालकी वेगळी. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. ग्रामपंचायत त्यावरून कर घेते. तो मालकीचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. गावठाणातल्या घराला खरा आधार मिळकत पत्रिकेचा, म्हणजे लोक ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात त्याचा. पूर्वी मोठ्या गावांचाच नगर भूमापन झालेला असे आणि लहान गावांतल्या घरांना असे कार्डच नव्हते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत व सनदा आणि मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या घराच्या पत्रिकेवर कोणाचे नाव लागले ते डोळ्यांनी पाहा. मोजणीच्या दिवशी तुम्ही पिंपरीत कामावर होता आणि घराला कुलूप होते. शेजाऱ्याने "ही पडवी आमचीच" असे सांगितले असेल तर नकाशात ती त्याचीच झालेली असायची. हरकत लवकर घेतली तर निभावते, दहा वर्षांनी घेतली तर दिवाणी दावा लागतो.

दुसरा प्रकार गायरानाचा किंवा सरकारी पड जागेचा. तेथे घर तुम्ही बांधलेले असते, जागा सरकारची. अतिक्रमण नियमित होऊन पट्टा मिळाला नसेल तर तुमच्याकडे विकण्यासारखे काही नाही, हे कडू आहे पण खरे आहे. असे घर नोटरीवर विकणारा व घेणारा दोघेही फसतात. तिसरा प्रकार घरकुलाचा. इंदिरा आवास, प्रधानमंत्री आवास, रमाई आवास यांपैकी कोणत्याही योजनेतले घर असेल तर मंजुरीचा आदेश शोधून काढा आणि त्यातल्या अटी वाचा. विक्रीवर बंधन असेल तर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. आणखी एक, एकदा घरकुलाचा लाभ घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा घरकुल मिळायचे नाही. दोन लाखांसाठी घरकुल विकून पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

चौथा प्रकार वतनाचा. यावर थोडे थांबू, कारण आमच्या लोकांची सर्वात मोठी लूट येथे झाली.

महार वतन म्हणजे गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात दिलेला जमिनीचा तुकडा. हा तुकडा म्हणजे आमच्या पायातली बेडी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आणले. तेव्हा ते कायद्यात उतरले नाही. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याच्या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून वतने संपली आणि शेतसाऱ्याच्या ठरावीक पट भरून जमीन त्याच कुटुंबांना नव्या शर्तीवर परत देण्यात आली. ही शर्त म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय व ठरलेला नजराणा भरल्याशिवाय हस्तांतर करायचे नाही. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असे लिहिलेले दिसते ते हेच. आता घराचा याच्याशी काय संबंध? संबंध असा की गावठाणात जागा पुरेना, तेव्हा आमच्या लोकांनी गावालगतच्या वतनाच्या तुकड्यावर घरे बांधली. घरपट्टी चालू झाली, वीज आली, सगळ्यांना वाटले गावठाणच. परंतु ते घर विकणे म्हणजे खालची वतनाची जमीन विकणे होय. परवानगीशिवाय विकले तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. मग घेणारा तुमच्यावर पैशाचा दावा लावतो आणि तुमच्या हातून घरही जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. कागदावर ३०० कोटींची किंमत आणि मुद्रांक ५०० रुपयांचा, अशा बातम्या सर्वांनी वाचल्या. त्या व्यवहारात वतनदारांच्या वारसांच्या नावाने दिलेल्या कुलमुखत्यारपत्रावरून खरेदीखत झाले होते. चौकश्या व न्यायालये आपले काम करतील. आम्हाला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की कुलमुखत्यारपत्र ही सही एकदाच करायची असते आणि तिचा उपयोग दुसराच माणूस पुढे कितीतरी वेळा करू शकतो. "तुम्हाला पुण्याहून यायचा त्रास नको, मुखत्यारपत्र देऊन ठेवा" असे कोणी गोड बोलले तर प्रवासाचा त्रास सोसा. मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर मालकी बदलत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात दिलेलाच आहे.

आता नावाचा प्रश्न. जुन्या उताऱ्यांवर आमच्या आज्या-पणज्यांची नावे कशी लिहिली आहेत ते ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. स्वतःचे नाव, पुढे "बिन" म्हणून बापाचे नाव आणि शेवटी आडनावाच्या जागी जात. पुढे मुलांनी शाळेत आडनाव लावले, कोणी गावावरून लावले, कोणी धम्मदीक्षेनंतर बदलले. दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी, हे आमच्याकडे काही नवल नाही. दुय्यम निबंधकाच्या संगणकाला मात्र ते नवल वाटते. आधारकार्ड, पॅनकार्ड, उतारा आणि मृत्यू दाखला यांवरची नावे जुळली नाहीत की काम अडते. म्हणून घर विकण्याच्या किमान सहा महिने आधी शाळा सोडल्याचे दाखले, जुने रेशनकार्ड, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात असे जे सापडेल ते गोळा करा. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करा आणि वारस नोंदीचा अर्ज द्या. हा अर्ज सातबाऱ्याच्या जागेसाठी तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासून ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आणि मिळकत पत्रिकेसाठी भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा असतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका.

जागांची नावेही बदलली आहेत. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामुळे जुन्या कागदावर महारवाडा आणि नव्यावर भीमनगर किंवा समतानगर असे होते. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. खरेदीखतात दोन्ही नावे लिहून घ्या आणि चतुःसीमा आजच्या शेजाऱ्यांच्या नावाने लिहा. पूर्वेस अमक्याचा गोठा असे लिहिलेले असते आणि तो गोठा पडून तीस वर्षे झालेली असतात.

वारसांच्या बाबतीत आमच्या टेबलावर जे ऐकायला मिळते ते लिहिताना संकोच वाटतो. "बहिणींचा काय संबंध? त्यांची लग्ने करून दिली." हे वाक्य म्हणणारे भाऊ जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतात. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून ज्या बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांनी बहिणीचे नाव गाळून वारस दाखला मागावा! कोणी म्हणते, आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदू वारसा कायदा कसा लागेल? लागतो. १९५६ च्या त्या कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन व शीख यांचा समावेश आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि तो १९५६ पासून आहे. राहत्या घराची वाटणी मुलीने मागू नये असे सांगणारे कलम २३ होते, तेही २००५ च्या दुरुस्तीने गेले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार आहे, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

बहिणीला घर नको असेल, तिला भावासाठी हक्क सोडायचा असेल, तर तो तिचा अधिकार. मात्र हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. कोऱ्या कागदावरचा अंगठा चालत नाही. जवळच्या नात्यातल्या हक्कसोडीला मोठा मुद्रांक लागत नाही. शंभर-दोनशेच्या मुद्रांकावर होणारी बरीच कामे ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांवर गेली आहेत, एवढाच फरक. आणि बहिणीने हिस्सा मागितला तर तिला लोभी म्हणू नका. एखादा भाऊ वारला असेल आणि त्याची मुले अज्ञान असतील, तर मुलांच्या मालकीचा हिस्सा त्यांच्या आईलाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तो अर्ज आधी करावा लागतो, त्यात महिने जातात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वारसांपैकी एकालाच आपला हिस्सा विकायचा असेल तर तो विकत घेण्याचा पहिला मान इतर वारसांना कलम २२ ने दिला आहे. बाहेरचे गिऱ्हाईक पाहण्यापूर्वी भावा-बहिणीला लेखी विचारा.

किंमत ठरवताना दलालाच्या तोंडाकडे पाहू नये. मुद्रांक शुल्कासाठी सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता असतो, लोक त्याला रेडीरेकनर म्हणतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. तो म्हणजे तुमच्या घराचा भाव नव्हे, शुल्क मोजण्याचा सरकारी आकडा आहे. खरा भाव पाहायचा तर त्याच गावात गेल्या दोन वर्षांत जी खरेदीखते नोंदली गेली त्यांची सूची क्रमांक २ काढा. तीही मिळते. त्यातही लोक आकडा कमी लिहितात, हे धरून चाला. मुलाला मोबाईलवर रील पाहता येतात, सूची २ सुद्धा पाहता येईल. रस्त्यालगतच्या वस्तीवाल्यांनी आणखी एक चौकशी करावी. त्या भागात भूसंपादनाची अधिसूचना निघाली आहे काय? नोटीस उताऱ्यावरच्या नावाला येते आणि मोबदलाही त्यालाच. एखादा परका माणूस वस्तीतली पडकी घरे एकदम दुपटीने मागू लागला तर तो समाजसेवा करीत नाही, त्याला काहीतरी ठाऊक आहे.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. गळती बंद करा, विजेच्या लोंबत्या तारा नीट करून घ्या, संडास-मोरी स्वच्छ करा, चुन्याचा हात मारा, अडगळ काढा. फरशी आणि महागडा रंग नको, घेणारा बहुधा सगळे पाडूनच बांधतो. घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिलाची थकबाकी भरून दाखले घ्या. पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो फेडून उताऱ्यावरून कमी करून घ्या. घर दिवसा दाखवा.

अडगळीवरून आठवले. नगर शहरातल्या एका उपनगरात आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. त्यांना फ्लॅट विकायचा होता. दलाल घर पाहून गेला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक यायच्या दिवशी तेवढे दोन फोटो आत ठेवा." दोन फोटो म्हणजे तथागतांचा आणि बाबासाहेबांचा. बाईंनी आम्हाला फोन केला. हा काही कायद्याचा प्रश्न नव्हता. आम्ही म्हटले, खरेदीखतावर तुमचे आडनाव येणार, शोध अहवालात येणार, सोसायटीच्या दाखल्यावर येणार. जो माणूस भिंत पाहून परत जाईल तो कागद पाहूनही परत जाणारच, फक्त तोवर इसार देऊन तुम्हाला अडकवून ठेवील. बाईंनी फोटो हलवले नाहीत. दोन गिऱ्हाइके बैठकीच्या खोलीतूनच परत गेली. तिसरे एसटीतले एक वाहक, दुसऱ्या समाजाचे. त्यांनी पाणी किती वाजता येते एवढेच विचारले आणि घर घेतले. या सगळ्यात दोन महिने गेले, ते आम्ही लपवत नाही. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे त्याने फोटो आत ठेवले तर आम्ही त्याला बोल लावणार नाही. परंतु दलाल जेव्हा हे सहज, पाणी प्यावे इतके सहज बोलतो, तेव्हा त्याला एकदा तरी "का?" असे विचारावे.

इसार घेताना तोंडी काही ठेवू नका. किती रक्कम, उरलेली केव्हा, मुदतीत न दिल्यास इसाराचे काय, हे सगळे लिहा. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खतानेच होते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासूनचे आहे. नोटरीच्या शिक्क्याने घर विकले जात नाही, फक्त भांडण विकत घेतले जाते. पूर्ण पैसे मिळेपर्यंत किल्ली देऊ नका. एकदा ताबा दिला की लेखी करार दाखवून घेणारा तुम्हालाच बाहेर अडवू शकतो. रोखीचा मोह टाळा. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला आहे. नफ्यावरच्या करासाठी एखाद्या सनदी लेखापालाला एकदा भेटा. त्या पैशातून ठरावीक मुदतीत दुसरे घर घेतले किंवा बांधले तर सवलत मिळते.

धनादेश वटण्यापूर्वी खरेदीखतावर सही करू नका. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापावे अशी आमची संपादकांना विनंती आहे. गुजरातमधल्या दहिबेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की ठरलेली किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्या कारणाने नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. तुम्ही पैशासाठी दावा लावू शकता, घर परत मागू शकत नाही. खतात "सर्व रक्कम मिळाली" असे वाक्य असते. ते वाचून मगच अंगठा द्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या, आपल्या माणसाकडून, घेणाऱ्याच्या माणसाकडून नव्हे. दुय्यम निबंधक विचारतात, "दस्त मान्य आहे काय?" गर्दीत, घाईत विचारतात. तरी तो प्रश्न कायद्याने तुमच्यासाठीच ठेवलेला आहे. मान्य नसेल तर तेथेच नाही म्हणा.

दोन व्यवहार असे आहेत की ते विक्री दिसतात पण विक्री नसतात. एक सावकारीचा. लग्नासाठी, दवाखान्यासाठी एक लाख घेतले आणि तारण म्हणून घराचे खरेदीखतच करून दिले, "पैसे दिले की परत फिरवू" या बोलीवर. ती बोली कागदावर नसते. असे झाले असेल तर गप्प बसू नका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो आणि बेकायदा सावकारीत गेलेली मिळकत परत मिळू शकते. दुसरा भीतीचा. सोनई जानेवारी २०१३, खर्डा एप्रिल २०१४. या गावांच्या नावाने आपला जिल्हा कशासाठी ओळखला गेला ते वाचकांना सांगायला नको. गावात काही घडले, वस्तीवर बहिष्कार पडला, पिठाची गिरणी बंद झाली की चार दिवसांत कोणीतरी घराची किंमत विचारायला येतो. त्या आठवड्यात कोणत्याही कागदावर सही करू नका. नातलगांकडे जा, घराला कुलूप लावा, फोटो काढून ठेवा, पंचनामा करून घ्या. घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(झेड) खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि आर्थिक-सामाजिक बहिष्कार हाही गुन्हा आहे. १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने हे संरक्षण आपल्यालाही आहे, मात्र जातीचा दाखला काढलेला असावा. घर विकायचे असेल तर सहा महिन्यांनी, नगरमध्ये बसून, बाजारभावाने विका.

त्या पाथर्डीच्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. आजोबांचे वारस मोजले तेव्हा अकरा निघाले. एका आत्याची मुलगी उल्हासनगरला, वीस वर्षे जाणे-येणे नव्हते. गृहस्थ स्वतः जाऊन आले. तिने हक्क सोडला नाही, हिस्सा मागितला, आणि तो तिला मिळाला. आजोबांच्या नावापुढची जात आणि नातवाचे आडनाव यांची सांगड घालायलाच चार महिने गेले. दरम्यान पहिले गिऱ्हाईक निघून गेले. नंतर त्याच वस्तीतल्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने घर घेतले. पहिल्याने नोटरीवर देऊ केलेल्या रकमेच्या दुपटीला थोडे कमी. निळा रंग तोपर्यंत उडाला होता. मे महिन्यात खरेदीखत झाले, अकराही जण आले होते, दोघींनी अंगठा दिला आणि दस्त आम्ही त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. विजेचे मीटर मात्र अजून आजोबांच्याच नावावर आहे. नाव बदलण्याचा अर्ज पुढल्या सोमवारी द्यायचा आहे.